कयामतीची तारीख सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

शबे बरात जवळ आली की आमच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या मोबाइलवर दरवर्षी एक लांब संदेश फिरू लागतो. पूर्वी तो उर्दूत असे, मग देवनागरीतल्या हिंदीत आला आणि आता मराठीतही आला आहे. त्यातील मजकूर थोडक्यात असा: हिजरी सनाची पंधरावी सदी संपण्याच्या आत कयामत होणार, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत, लिहिलेले आहे, शेवटच्या काळात येणारे मार्गदर्शक मानले गेलेले इमाम महदी जन्माला आलेले आहेत आणि कुराणात सांगितल्याप्रमाणे ते लवकरच मक्केत प्रकट होतील, ज्या वर्षी रमजानची पंधरावी तारीख शुक्रवारी येईल त्या वर्षी आकाशातून भयंकर आवाज होईल आणि सत्तर हजार माणसे बहिरी होतील, त्याच महिन्यात चंद्र आणि सूर्य दोघांनाही ग्रहण लागेल, इराक-सीरियातली फुरात (युफ्रेटिस) नदी आटून तिच्या पात्रातून सोन्याचा डोंगर वर येऊ लागला आहे आणि इस्रायलमधले तबरियाचे सरोवर कोरडे पडले आहे, पूर्व इराण-अफगाणिस्तानकडच्या खुरासानातून काळे झेंडे निघतील आणि हिंदची लढाई होईल, म्हणून आता शिक्षण, शेती, घर यांत जीव गुंतवू नका, आणि हा संदेश वीस जणांना पाठवा, जो पाठवणार नाही त्याच्या घरात वर्षाच्या आत वाईट घडेल.

मी निवृत्त शिक्षक आहे, मुसलमान आहे, आणि कयामतीवर माझी श्रद्धा आहे. एक दिवस हे सर्व संपेल, मेलेले उठवले जातील आणि प्रत्येकाला आपल्या कृत्यांचा हिशेब द्यावा लागेल, हा माझ्या धर्माच्या मुळाशी असलेला विश्वास आहे आणि त्याच्या लक्षणांविषयीच्या प्रमाण हदीसही मी मानतो. म्हणूनच या संदेशाला उत्तर देणे मला माझे काम वाटते. ज्याला कयामत ही भाकडकथा वाटते तो हा संदेश वाचून पुढे जाईल; परंतु ज्याचा तिच्यावर विश्वास आहे त्याच्याच मनात तो भीती घालतो, आणि ती भीती घालण्यासाठी ज्या ग्रंथांची नावे घेतो त्या ग्रंथांतले म्हणणे मात्र नेमके उलट आहे.

सर्वांत मोठा दावा तारखेचा आहे, म्हणून त्यावर अधिक लिहितो. कुराणात सूरह आराफमध्ये पैगंबरांना उद्देशून म्हटले आहे की लोक तुला त्या घटकेविषयी विचारतात की ती केव्हा येऊन ठेपणार. सांग, तिचे ज्ञान फक्त माझ्या पालनकर्त्याकडे आहे, आणि ती तुमच्यावर अकस्मात येईल. सूरह लुकमानच्या शेवटच्या आयतीत हीच गोष्ट पुन्हा येते आणि तिच्या शेजारी असेही सांगितले आहे की उद्या आपण काय कमावणार हे कोणी जाणत नाही आणि आपण कोणत्या भूमीत मरणार हेही कोणी जाणत नाही. हदीसमधील सर्वांत प्रसिद्ध प्रसंगांपैकी एक असा, की देवदूत हजरत जिब्रील अनोळखी माणसाच्या रूपात येऊन पैगंबरांना एकामागून एक प्रश्न विचारतात आणि कयामत केव्हा, असे विचारल्यावर पैगंबर उत्तर देतात की ज्याला विचारले आहे त्याला विचारणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक नाही. हदीसच्या सर्वांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. जे ज्ञान स्वतः पैगंबरांनी आपल्याकडे नसल्याचे सांगितले, ते मोबाइलवर संदेश तयार करणाऱ्या अनाम माणसाकडे आहे, असे मानायचे असेल तर आधी ही हदीस बाजूला ठेवावी लागते.

मग पंधराव्या सदीचा हिशेब आला कोठून? त्याच्यामागे एक खरी कहाणी आहे. इसवी सनाच्या पंधराव्या शतकाच्या अखेरीस कैरोत अशी अफवा पसरली होती की पैगंबर आपल्या कबरीत हजार वर्षे राहणार नाहीत, म्हणजेच हिजरी 1000 पूर्वी जग संपेल. त्या काळचे मोठे विद्वान जलालुद्दीन सुयूती यांनी तिच्या खंडनासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती कथित हदीस निराधार असल्याचे दाखवले; पण पुढे जाऊन त्यांनी निरनिराळ्या कथनांची बेरीज-वजाबाकी करून असेही म्हटले की हजारानंतरची मुदत आणखी पाचशे वर्षांच्या पलीकडे जाणार नाही. सुयूती हिजरी 911 मध्ये, म्हणजे इसवी सन 1505 मध्ये वारले. त्यांचा हा अंदाज नंतरच्या विद्वानांनी खोडून काढला, कारण त्याला आधार असलेली कथने दुर्बळ होती आणि तो कुराणातील स्पष्ट वचनाच्या विरुद्ध जात होता. आज तोच अंदाज ‘हदीसमध्ये लिहिले आहे’ या शब्दांत आपल्यापुढे येतो. एका माणसाचा हिशेब पाचशे वर्षांत पैगंबरांच्या तोंडी घातला गेला. आणि ज्यांना घाबरायचेच आहे त्यांनी निदान हे लक्षात घ्यावे की हिजरी 1500 हे साल इसवी सन 2076 च्या अखेरीस सुरू होते, यंदा किंवा पुढच्या वर्षी नव्हे.

हजाराची ती अफवा आपल्या भागापर्यंतही आली होती आणि तिचा काळ आपल्या मातीत शोधता येतो. जुन्या खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर. तेथे फारुकी घराण्याचा राजा अली खान राज्य करीत होता. उत्तरेत अकबर हजार वर्षांचा इतिहास ‘तारीखे अल्फी’ या नावाने लिहवून घेत होता आणि नाण्यांवर ‘अल्फ’, म्हणजे हजार, हा शब्द उमटवीत होता. दक्षिणेत अहमदनगरच्या निजामशाहीत जमाल खान नावाच्या सरदाराने 1589 मध्ये अल्पवयीन इस्माईलला गादीवर बसवून सत्ता हाती घेतली होती. तो महदवी पंथाचा होता. जौनपूरच्या सय्यद मुहम्मद यांनी हिजरी 901 मध्ये मक्केत आपण महदी असल्याची घोषणा केली होती, आणि महदी येऊन गेले आहेत असे हा पंथ मानतो. 1591 मध्ये, हिजरी 1000 सुरू व्हायला काही महिने उरले असताना, राजा अली खानाने इस्माईलचा बाप बुऱ्हाण याची बाजू घेतली आणि रोहिणखेडजवळच्या लढाईत जमाल खान मारला गेला. बुलढाणा जिल्ह्यातील या गावी खुदावंद खान या महदवी सरदाराने 1582 मध्ये बांधलेली मशीद आहे. महदवी पंथाचे लोक आजही आहेत, त्यांची श्रद्धा हा त्यांचा प्रश्न आहे आणि मी तिच्यावर बोलणार नाही. मला सांगायचे ते एवढेच की खानदेशच्या वेशीवर महदीच्या प्रश्नाशी जोडलेले रक्त सव्वाचारशे वर्षांपूर्वीच सांडून गेले आहे, हिजरी 1000 आले आणि गेले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने तापीच्या काठावर पेरणी केली.

याच राजा अली खानाने बुऱ्हाणपूरची जामा मशीद बांधली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृतात कोरलेला शिलालेख आहे आणि त्यात विक्रम संवत 1646 आणि शक 1511 अशी कालगणना दिलेली आहे. विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे अनेकदा गेलो. हजाराव्या वर्षाची धास्ती ज्या काळात पसरली होती त्याच काळात हा मुसलमान राजा पुढच्या शेकडो वर्षांसाठी दगड घडवीत होता आणि आपल्या हिंदू प्रजेला वाचता यावे अशा लिपीत त्याची तिथी कोरून ठेवीत होता. तो लेख समोर उभे राहून वाचताना माझा आवाज नेहमी भरून येई.

चौदाव्या सदीचीही हीच गत झाली. माझी आजी कोणतीही वाईट बातमी ऐकली की ‘चौदहवीं सदी है’ असे म्हणत असे. तिच्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्यांची समजूत होती की चौदाव्या सदीपुढे पंधरावी नाही. हिजरी 1400 चा पहिला दिवस 20 नोव्हेंबर 1979 रोजी उजाडला आणि त्याच पहाटे मक्केच्या पवित्र मशिदीत जुहैमान अल-उतैबी याच्या नेतृत्वाखाली शेकडो सशस्त्र लोकांनी दरवाजे बंद करून मुहम्मद अल-कहतानी या तरुणाला महदी म्हणून जाहीर केले. त्याचे नाव मुहम्मद, बापाचे नाव अब्दुल्लाह, आणि हदीसमधील वर्णन जुळते एवढ्यावर लोकांनी त्याच्या हातात हात दिला. जेथे पक्षी मारणेही निषिद्ध आहे अशा जागी दोन आठवडे गोळ्या चालल्या. कहतानी त्यात मारला गेला, 4 डिसेंबरला वेढा संपला आणि जानेवारी 1980 मध्ये 63 जणांना देहदंड दिला गेला. त्या दिवसांत मी शाळकरी मुलगा होतो आणि घरातल्या मोठ्यांनी रेडिओभोवती बसून कोणाला काही न बोलता ऐकलेल्या बातम्या मला आठवतात. तारीख आणि लक्षणे जुळवण्याचा खेळ शेवटी कोठे जातो हे माझ्या पिढीने पाहिले आहे.

आता महदी आणि कुराण. संदेशात ‘कुराणात सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द आहेत. ते चूक आहेत. महदी हे नाव किंवा त्यांच्या येण्याची वार्ता कुराणात नाही. बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांतही या नावाने हदीस नाही. हजरत ईसा, म्हणजे येशू, उतरतील तेव्हा तुमचा इमाम तुमच्यातलाच असेल, एवढा उल्लेख तेथे येतो. महदींच्या हदीस अबू दाऊद, तिरमिजी आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आहेत. बहुसंख्य सुन्नी आलिम त्यांतील काहींना विश्वसनीय मानतात, तर चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यांनी आपल्या ‘मुकद्दिमा’त त्या एकेक तपासून टीकेतून सुटणाऱ्या फारच थोड्या असल्याचा निष्कर्ष काढला. शिया बांधवांच्या मते बारावे इमाम नवव्या शतकातच जन्मले आणि तेव्हापासून दृष्टीआड आहेत. म्हणजे ज्या विषयावर मुसलमानांतच एवढे मतभेद आहेत तेथे ‘जन्माला आलेले आहेत, अमुक वयाचे आहेत’ असे छातीठोकपणे लिहिणे हे धाडस आहे. मोठ्या लक्षणांची जी प्रसिद्ध यादी सहीह मुस्लिममध्ये हजरत हुजैफा बिन असीद यांच्याकडून आली आहे तिच्यात धूर, दज्जाल, जमिनीतून निघणारा प्राणी, पश्चिमेकडून उगवणारा सूर्य, हजरत ईसांचे उतरणे, याजूज-माजूज, तीन ठिकाणी जमीन खचणे आणि येमेनमधून निघणारी आग ही दहा लक्षणे आहेत. महदींचे नाव त्या यादीतही नाही.

लक्षणांविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. बुखारी आणि मुस्लिममध्ये एक हदीस आहे की हिजाजच्या भूमीतून अशी आग निघेल की तिच्या उजेडात सीरियातल्या बुसरा येथील उंटांच्या माना दिसतील, आणि त्याआधी कयामत येणार नाही. इसवी सन 1256 मध्ये मदिनेजवळ ज्वालामुखीचा उद्रेक झाला, अनेक दिवस लाव्हा वाहत राहिला, आणि त्याच काळात सीरियात राहणारे इमाम नववी यांनी ही खूण आपल्या काळात पूर्ण झाल्याचे लिहून ठेवले. त्या घटनेला पावणेआठशे वर्षे होत आली. खूण पुरी होणे आणि शेवट उद्यावर येणे यांच्यात किती अंतर असू शकते, हे यावरून कळते. कुराणानेही सूरह मुहम्मदमध्ये म्हटले आहे की तिच्या खुणा तर येऊन ठेपल्याच आहेत, आणि ही आयत चौदाशे वर्षांपूर्वीची आहे. त्यामुळे उंच इमारती, वाढलेले खून, भूकंप अशा खुणा दाखवून तारीख काढणे हे मुळातच चुकते.

पंधराव्या रमजानच्या शुक्रवारचा दावा सर्वांत जास्त भीती घालतो, कारण तो दिवस कॅलेंडरवर दाखवता येतो. ही कथने मुख्यतः नुऐम बिन हम्माद यांच्या ‘किताबुल फितन’ या संग्रहातून येतात. हिजरी तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात वारलेल्या या माणसाने ऐकलेले बरेवाईट सारे एकत्र केले, आणि हदीसशास्त्राच्या जाणकारांनी त्या ग्रंथावर विसंबू नये असे वेळोवेळी बजावले आहे. रमजानातील आवाजाचे कथन तर इब्नुल जौजी यांनी आपल्या बनावट हदीसांच्या संग्रहात घेतले आहे. हे शास्त्र बाजूला ठेवले तरी साधे गणित पुरेसे आहे: कोणतीही तारीख सरासरी सात वर्षांतून एकदा शुक्रवारी येते, म्हणजे चौदाशे वर्षांत रमजानची पंधरावी सुमारे दोनशे वेळा शुक्रवारी येऊन गेली आहे. शिवाय कोणत्या गावचा शुक्रवार? 2020 मध्ये सौदी अरेबियात रोजे 24 एप्रिलला सुरू झाले आणि पंधरावी तारीख 8 मे रोजी, शुक्रवारी आली. आपल्याकडे चांद एक दिवस उशिरा दिसल्याने रोजे 25 एप्रिलला सुरू झाले आणि पंधरावी शनिवारी आली.

त्या वर्षाची आठवण अजून ताजी आहे. मशिदी बंद होत्या, तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, घरात पढली जात होती, मालेगाव आणि जळगावातून करोनाच्या मृत्यूंच्या बातम्या येत होत्या, आणि नेमक्या त्याच दिवसांत हा संदेश घरोघर पोचला. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध आपांनी त्या रात्री कानात कापूस घालून, खिडक्यांना चादरी बांधून, नातवंडांना कवटाळून रात्र काढली. सकाळी त्यांना पाहायला गेलो तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. ज्याने हा संदेश पहिल्यांदा लिहिला त्याला त्या हातांचा हिशेब द्यावा लागेल, असे मला मनापासून वाटते.

ग्रहणांचा मुद्दा लवकर आटोपतो. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच आणि सूर्यग्रहण अमावस्येलाच लागते, म्हणून चांद्र महिन्याच्या मध्याला एक आणि शेवटाला एक अशी जोडी येणे यात अघटित काही नाही. ग्रहणांचे हंगाम आणि हिजरी वर्ष यांचा मेळ पाहिला तर रमजान सरासरी बावीस-तेवीस वर्षांनी त्या हंगामात येतो. आणि पैगंबरांनी या विषयावर स्वतः दिलेला निवाडा आहे. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले आणि लोक म्हणू लागले की सूर्यही शोक करीत आहे. मुलगा गमावलेल्या त्या बापाने लोकांना सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

फुरातविषयीची हदीस खरी आहे. फुरात सोन्याचा डोंगर उघडा करील, लोक त्यासाठी लढतील आणि शंभरातले नव्व्याण्णव मरतील, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. जो तेथे असेल त्याने त्यातले काही घेऊ नये, असेही बुखारीत सांगितले आहे. परंतु आज नदीचे पाणी का घटले याची कारणे ठाऊक आहेत. तुर्कस्तानने 1974 मध्ये केबान धरण आणि सीरियाने त्याच सुमारास तबका धरण बांधले. 1990 च्या जानेवारीत अतातुर्क धरण भरण्यासाठी तुर्कस्तानने जवळजवळ महिनाभर नदीचा प्रवाह अडवला. त्यात अलीकडच्या दुष्काळांची भर पडली. गिरणाकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. वर धरण झाले की खाली पात्र उघडे पडते आणि वाळूत जुने चिरे दिसू लागतात, हे आपण उन्हाळ्यात पाहतोच. पात्रात चमकणाऱ्या दगडांची जी चित्रफीत संदेशासोबत येते तिच्यात ना डोंगर आहे ना सोने. तबरियाचे सरोवर कोरडे पडल्याचा दावा तर सरळ खोटा आहे: 2001 च्या अखेरीस त्याची पातळी समुद्रसपाटीखाली सुमारे 215 मीटरपर्यंत उतरली होती हे खरे, पण 2019 आणि 2020 च्या हिवाळ्यांत भरपूर पाऊस होऊन ते जवळजवळ काठोकाठ भरले. जे सरोवर भरले त्याची बातमी कोणी पुढे पाठवली नाही.

काळे झेंडे आणि हिंदची लढाई या मुद्द्यावर मला दोन्ही बाजूंच्या वाचकांशी बोलायचे आहे, कारण हा परिच्छेद दोन प्रकारच्या गटांत फिरतो. मुसलमानांच्या गटांत तो अभिमानाने येतो आणि तोच परिच्छेद माझ्या हिंदू मित्रांच्या गटांत ‘यांचा बेत पाहा’ अशा मथळ्याखाली येतो. ज्या सहकाऱ्याबरोबर मी वीस वर्षे एका टेबलावर डबा खाल्ला त्याने मला तो पाठवून विचारले, ‘सर, हे खरंच तुमच्या धर्मात आहे का?’ त्याला जे सांगितले ते येथे लिहितो.

खुरासानच्या काळ्या झेंड्यांची कथने राजकारणाने आधीच वापरून झाली आहेत. इसवी सन 747 मध्ये अबू मुस्लिमने खुरासानातील मर्वच्या परिसरात काळे झेंडे उभारून उमय्या घराण्याविरुद्ध बंड केले, त्यातून अब्बासी खिलाफत आली, आणि त्यांच्या तिसऱ्या खलिफाने तर ‘अल-महदी’ हीच पदवी घेतली; त्याचेही नाव मुहम्मद आणि बापाचे अब्दुल्लाह. झेंडे आधी की कथने आधी, हा प्रश्न हदीसचे अभ्यासक तेव्हापासून विचारत आले आहेत. आपल्या काळात इराक-सीरियातल्या इस्लामिक स्टेट या संघटनेने सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये आलेल्या, सीरियातील दाबिक गावाचे नाव आपल्या मासिकाला दिले, शेवटची लढाई तेथेच होणार म्हणून तरुणांना बोलावले, सप्टेंबर 2016 मध्ये त्याच्या जागी दुसऱ्या नावाचे मासिक काढले, आणि ऑक्टोबरमध्ये ते गाव फारशी लढाई न होता त्यांच्या हातून गेले. त्या नावाच्या ओढीने घर सोडलेल्या मुलांच्या आया मात्र तशाच राहिल्या.

हिंदच्या लढाईची हदीस बुखारीत नाही, मुस्लिममध्ये नाही. ती नसाईंच्या ‘सुनन’मध्ये आहे; हजरत अबू हुरैरा यांच्याकडून आलेल्या कथनांची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, दुर्बळ ठरवली गेली आहे, तर हजरत सौबान यांचे एक कथन काही विद्वान स्वीकारतात. त्यात साल नाही, झेंडा नाही, आजच्या भारताच्या नकाशाचा पत्ता नाही. त्या काळच्या अरबांना हिंद म्हणजे सिंधपासून पुढचा प्रदेश, आणि चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न कसीर यांनी या कथनांच्या संदर्भात हिजरी 44 मधील स्वारी आणि नंतरचा गझनीचा महमूद यांचा उल्लेख करून ही गोष्ट घडून गेलेल्या इतिहासात बसवली आहे. याचा अर्थ, ज्यांना ही हदीस मान्य आहे त्यांच्यासाठीही ती पुढे पेटवायच्या लढाईचा हुकूम ठरत नाही. आमच्या गावातल्या मशिदीत मी साठ वर्षे जुम्म्याचे खुतबे, म्हणजे शुक्रवारची प्रवचने, ऐकत आलो. त्यांत रोजे, जकात, आईबापांचे हक्क, शेजाऱ्याचे हक्क, व्याजाची मनाई हे विषय शेकडो वेळा आले, या लढाईचे नाव मी पहिल्यांदा मोबाइलवर वाचले. आणि शेजाऱ्याला या कथनावरून जोखणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की ज्या कथनाचा शोध त्यांच्या मुसलमान शेजाऱ्यालाही त्यांनीच पाठवलेल्या संदेशातून लागला, त्यावरून त्याच्या मनात काय आहे ते ठरवू नये.

शिक्षण, शेती, घर यांत जीव गुंतवू नका, या सल्ल्याने झालेले नुकसान मी जवळून पाहिले आहे. आमच्या ओळखीतल्या एका बापाने बारावीला चांगले गुण मिळालेल्या मुलीची प्रवेशाची मुदत जाऊ दिली, कारण ‘आता दिवस किती राहिले’. एक तडवी शेतकरी भाऊ माझ्याकडे येऊन विचारू लागले की केळीच्या कांदेबागाची रोपे बुक करू की राहू देऊ. मी त्यांना ती हदीस वाचून दाखवली जी इमाम अहमद यांच्या संग्रहात आणि बुखारींच्या ‘अल-अदबुल मुफरद’मध्ये हजरत अनस यांच्याकडून आली आहे: तुमच्यापैकी कोणाच्या हातात खजुराचे रोप असेल आणि कयामत येऊन ठेपली, तरी उठण्यापूर्वी ते लावणे शक्य असेल तर त्याने ते लावावे. कयामत उद्या येईल म्हणून नांगर ठेवून द्या, असे सांगणारा संदेश आणि कयामत समोर उभी असली तरी हातातले रोप जमिनीत घाला, असे सांगणारा पैगंबर, यांतला कोण आपला हे ज्याचे त्याने ठरवावे. भाऊंनी दोन्ही एकरांत केळी लावली. त्या मुलीचे वर्ष मात्र गेले.

शेवटी वीस जणांना पाठवण्याची धमकी. मोबाइलच्या कितीतरी आधी ती पोस्टकार्डावर येत असे. मदिनेचे शेख अहमद नावाचे खादिम, त्यांना पडलेले स्वप्न, स्वप्नात पैगंबरांनी दिलेला इशारा, आणि हे पत्र नक्कल करून वाटणाऱ्याला नफा व न वाटणाऱ्याला मुलाचा मृत्यू, असा त्याचा साचा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला आहे. सौदी अरेबियाचे मुफ्ती इब्न बाज यांनी त्याच्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहून ते बनावट असल्याचे जाहीर केले होते. आपल्याकडे संतोषी मातेच्या नावाने येणारी पोस्टकार्डेही याच साच्याची असत. सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतच ही हदीस आहे की ऐकले ते सर्व सांगत सुटणे एवढे माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे.

आमच्या घरी ते पत्र आले तेव्हा मी सहावीत होतो. अम्मीला लिहिता येत नव्हते, म्हणून तिने पोस्टकार्डांचे पैसे देऊन मला वीस नकला करायला बसवले. सोळा झाल्या, हात दुखू लागला, आणि उरलेली चार कार्डे मी दप्तरात टाकून विसरलो. त्या पावसाळ्यात धाकट्या भावाला विषमज्वर झाला. तो पुढे बरा झाला, आज भुसावळला नातवंडांत रमलेला आहे. पण त्या एकवीस दिवसांत, त्याच्या उशाशी बसून, अम्मीने मला तीनदा विचारले की वीसही कार्डे टाकली होतीस ना, आणि मी तिन्ही वेळा हो म्हणालो.